बाबा पदमनजी : पोथी, भूगोल आणि कादंबरी

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधीतरी पाठ केलेला असतो. 'यमुनापर्यटन', लेखक बाबा पदमनजी, साल १८५७. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पुढे एम.ए.ला मराठी घेतलेल्यांना हे पुस्तक दोन परिच्छेदांत भेटते, आणि त्यातलाही एक परिच्छेद हे पुस्तक खरी कादंबरी नसून धर्मप्रचार कसा आहे, हे सांगण्यात खर्ची पडतो. ज्या माणसाने मराठी गद्यात एवढी मोठी वाट पहिल्यांदा पाडली, तो कोण होता, काय वाचत होता, कशासाठी लिहीत होता, हे विचारायला आपल्याला सवड होत नाही.

मला ती सवड बँकेतून निवृत्त झाल्यावर मिळाली, आणि निमित्तही मोठे गमतीचे झाले. आमच्या बँकेतले एक जुने सहकारी बोरिवलीला आय.सी. कॉलनीत राहतात. गृहस्थ ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे, रविवारचे चर्च न चुकवणारे. त्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटात एकाच फळीवर जयंत नारळीकरांचे 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला', शेजारी आसिमॉव्ह आणि आर्थर क्लार्क, त्याला खेटून बायबलवरच्या टीका आणि संतचरित्रे अशी दाटीवाटी असते. परग्रहावरची माणसे आणि पृथ्वीवरचे संत असे शेजारी कसे नांदतात, असे त्यांना येणारा प्रत्येकजण विचारतो. ते हसतात आणि सी. एस. लुईसचे एखादे पुस्तक हातात ठेवतात.

लुईसचे नाव आपल्याकडे मुलांच्या 'नार्निया' कथांमुळे माहीत आहे. १८९८ साली बेलफास्टला जन्मलेला हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक तरुणपणी पक्का नास्तिक होता. १९१६ साली एका रेल्वे स्टेशनवर त्याने जॉर्ज मॅकडॉनल्ड या स्कॉटिश लेखकाची 'फँटॅस्टीस' ही अद्भुतकथा विकत घेतली आणि तिच्या वाचनाने आपल्या मनाची मशागत झाली, असे तो पुढे आयुष्यभर मानत राहिला. १९३१ साली तो ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला आणि १९३८ साली त्याने मंगळावर जाणाऱ्या माणसाची विज्ञानकादंबरी लिहिली. एकाच हाताने त्याने अवकाशप्रवासाच्या तीन कादंबऱ्या आणि धर्मावरची पुस्तके लिहिली, आणि दोन्ही खपली.

हे सारे ऐकून घेतल्यावर मी आमच्या सहकाऱ्यांना म्हटले, की अहो, हा मेळ शोधायला इतक्या लांब कशाला जायचे? 'फँटॅस्टीस' १८५८ सालची. त्याच्या एक वर्ष आधी आपल्याकडे एका मराठी ख्रिस्ती माणसाने शाळेत शिकलेले शास्त्र, घरात ऐकलेल्या पोथ्या आणि नव्याने स्वीकारलेला धर्म यांच्या घुसळणीतून कल्पित कथा लिहिली होती. त्यांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते. खरे सांगायचे तर मीही ते तोवर संपूर्ण वाचलेले नव्हते. मग वाचले, आणि त्यानंतर त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' वाचले. त्या वाचनातून दिसलेला माणूस आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

बाबांचे आडनाव मुळे. जन्म मे १८३१, बेळगाव. जात कासार. इंग्रजी अंमल येऊन तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षे झाली होती. वडील पदमनजी सरकारी नोकरीत होते आणि घर खाऊनपिऊन सुखी, देवभोळे. त्या काळच्या अशा घरात पोथी हे एकमेव पुस्तक असे, आणि ते एकट्याने वाचायचे नसून चारचौघांना वाचून दाखवायचे असे. 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' या पोथ्यांनी मराठी मुलखाला कथेची गोडी लावली, हे आपण विसरतो. कादंबरी यायच्या आधी दीडशे वर्षे आपल्या आयाबहिणी गोष्टीतल्या माणसांसाठी डोळे पुसत होत्याच. लहानगा बाबाही त्याच वातावरणात वाढला. आपल्या बालपणीचा देवधर्म, व्रते, घरातली श्रद्धा यांचे वर्णन 'अरुणोदया'त त्यांनी विस्ताराने केले आहे, आणि धर्म सोडलेल्या माणसाच्या लेखणीतून ते उतरले असले तरी त्यात एक जिव्हाळा राहून गेला आहे, असे मला वाचताना वाटले.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० पासून चालू होते. मिशनने इंग्रजी शाळा काढली होती आणि इंग्रजी आली की सरकारी नोकरी मिळते, हे व्यवहारी शहाणपण पालकांना पटलेले होते. बाबा त्या शाळेत गेले. पुढे ते मुंबईला आले आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. आजचे विल्सन कॉलेज ते हेच. मात्र चौपाटीवरची ती देखणी इमारत बरीच नंतरची, १८८९ सालची. मरे मिचेल यांच्यासारखे शिक्षक तिथे होते आणि त्यांचा बाबांवर खोल ठसा उमटला.

मुलाला मिशनच्या शाळेत घालणे हा त्या काळी बापाच्या जिवाला घोर होता. १८३९ साली विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला तेव्हा मुंबईत खटले झाले आणि शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनच्या घरी जाऊन राहिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाला पालकांच्या हवाली करण्यात आले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर त्यांच्याच विरुद्ध केवढे काहूर उठले! बाबा मुंबईच्या शाळेत शिकू लागले, तेव्हा या आठवणी ताज्या होत्या.

आता या शाळांत शिकवत काय? बायबल शिकवत, हे तर खरेच. पण बाबांच्या पिढीला हादरवून गेला तो भूगोलाचा तास. पोथीतली पृथ्वी मधोमध मेरू पर्वत असलेली, सात द्वीपांची; खाऱ्या पाण्याच्या, उसाच्या रसाच्या, तुपाच्या, दुधाच्या समुद्रांनी वेढलेली. राहू-केतू चंद्रसूर्याला गिळतात म्हणून ग्रहण लागते. आणि शाळेत मास्तर एक लाकडी गोल घेऊन यायचा, बोटाने तो फिरवायचा आणि सावली कुठे पडते ते दाखवायचा. ज्या पोरांनी काल घरी आजीला पोथी वाचून दाखवली होती, त्यांच्या मनात त्या गोलाने काय केले असेल, याची आज कल्पना करणे अवघड आहे. आपल्या नातवंडांना हे सारे ज्ञान टीव्हीवर फुकट मिळते. त्यांच्या आजोबांच्या पणजोबांना त्याची किंमत मोजावी लागली होती.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पृथ्वी गोल आहे आणि ग्रहण सावलीमुळे होते, हे आपल्या ज्योतिष्यांना ठाऊक होते. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी'त ते स्वच्छ मांडले आहे. पण ते ज्ञान पंचांगकर्त्या शास्त्र्यांच्या पोतडीत राहिले आणि घराघरात पोचली ती पुराणातली पृथ्वी. त्यामुळे मिशनच्या शाळेतला गोल जिंकला, तो आपलाही असू शकला असता हे कळायच्या आत.

त्या काळच्या मराठी पुस्तकांची यादी चाळली, की आमच्या बोरिवलीकर सहकाऱ्यांची ती फळीच डोळ्यांपुढे येते. हरि केशवजी नावाचे एक पाठारे प्रभू गृहस्थ होते. त्यांनी १८३७ साली रसायनशास्त्रावरची संभाषणे मराठीत आणली आणि १८४१ साली जॉन बन्यनचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे ख्रिस्ती रूपक 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणले. एकच लेखणी, एकदा प्राणवायूवर आणि एकदा आत्म्याच्या प्रवासावर! आणि हरि केशवजी स्वतः अखेरपर्यंत हिंदूच राहिले. जांभेकरांचे 'दिग्दर्शन' १८४० साली निघाले, त्यात शास्त्रीय विषय असत. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' काढला, त्यात ख्रिस्ती उपदेशाच्या जोडीने खगोल, भूगोल, प्राणी, यंत्रे यांची माहिती येई. शास्त्र, कल्पित कथा आणि धर्म ही तीन वेगळी खाती आहेत, आणि एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळती करता येत नाही, असा नियम तेव्हा कोणी केलेला नव्हता. हा नियम आपण नंतर केला.

मुंबई त्या काळी रोज काहीतरी अद्भुत दाखवीत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. घाटकोपर, मुलुंडचे वाचक आज ज्या मार्गाने लोंबकळत कचेरीत जातात, तोच हा मार्ग. बैलाशिवाय, घोड्याशिवाय धावणारी गाडी! ज्यांनी ती पाहिली त्यांना विज्ञानकथा वेगळी वाचायची गरज नव्हती. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि त्यांची धर्मावरची श्रद्धा डळमळली होती.

मात्र ते तडक ख्रिस्ती झाले नाहीत. मध्ये एक मुक्काम आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत परमहंस मंडळी स्थापन केली. जातिभेद नको, मूर्तिपूजा नको, विधवांचा पुनर्विवाह व्हावा, देव एकच मानावा, ही त्यांची मते. पण सारे गुप्त! सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ते बंद दाराआड. बाहेर पडले की पुन्हा सोवळे, पुन्हा पंगत. बाबा या मंडळीत होते. या मंडळीविषयी आज जे काही आपल्याला ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्यांनीच लिहून ठेवले म्हणून.

बाबांना ही लपवाछपवी मानवेना. जे खरे वाटते ते दारे लावून मानायचे आणि उघड्यावर नाकारायचे, यात त्यांचे मन रमले नाही. मी चौतीस वर्षे बँकेत काढली. एकच व्यवहार दोन वह्यांत दोन प्रकारे लिहिणारी माणसे पुष्कळ पाहिली, आणि त्यांतली बहुतेक वाईट नव्हती, भित्री होती. परमहंस मंडळीतले तरुणही भित्रेच म्हणावे लागतील. पण त्यांच्या भीतीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी फुटली आणि मंडळी कोलमडली. वाळीत पडणे म्हणजे काय, हे त्यांना नीट ठाऊक होते.

बाबांनी मात्र वही एकच ठेवायचे ठरवले. ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. गर्दीत दडून राहता येईल अशी मुंबई सोडून, प्रत्येक माणूस ज्यांना ओळखतो त्या आपल्या गावात. तेवीस वर्षांचे वय. त्या काळी धर्म सोडणे म्हणजे घर, पंगत, विहीर, सोयरीक एका दिवसात सुटणे. धर्म बदलल्याने वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा सरकारने १८५० साली केला होता. पण ज्या आईच्या हातचे जेवण सुटले, त्याची भरपाई कुठला कायदा करणार? आणि त्या आईच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. मुलगा जिवंत असून तिला तो मेल्यासारखा झाला. धर्मांतराचे पोवाडे गाणारे आणि त्यावर दात-ओठ खाणारे, दोघेही या स्वयंपाकघरातल्या शोकाकडे पाहत नाहीत.

तीनच वर्षांनी, १८५७ साली, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे पुढचे नाव हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असे आहे. त्या साली उत्तरेत शिपायांचे बंड पेटलेले होते आणि मुंबईत विद्यापीठ स्थापन होत होते. आदल्याच वर्षी, जुलै १८५६ मध्ये, ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी विधवाविवाहाचा कायदा संमत झाला होता. कायदा झाला, पण आपल्या उच्चवर्णीय समाजात लग्न करायला कोणी पुढे येईना.

कथा थोडक्यात अशी. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली, ख्रिस्ती शिकवणीने मन भारलेली तरुण मुलगी. नवरा विनायक समंजस, तिच्या विचाराचा. दोघे प्रवासाला निघतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. कुणाचे केशवपन झालेले, कुणाला घरात मोलकरणीसारखे राबवलेले, कुणाचा पाय घसरलेला किंवा घसरवलेला. प्रत्येक ठिकाणी एक हकिकत. मग प्रवासातच विनायक मरतो आणि इतरांची दुःखे पाहत फिरणारी यमुना स्वतःच विधवा होते. पुढे ती ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

आता कादंबरीकार म्हणून मी याकडे पाहतो तेव्हा दोष डोळ्यांत भरतात. विनायक आणि यमुना यांच्या संवादाला व्याख्यानाचा वास येतो. धर्माची चर्चा सुरू झाली की गोष्ट थांबते आणि वाचक पाने उलटू लागतो. ज्याला जे पटवायचे ते तो आधीच मानून बसलेला असतो. आज एखाद्या नवोदिताने माझ्याकडे असे हस्तलिखित आणले तर मी त्याला निम्मा भाग कापायला सांगेन.

पण जो भाग उरेल तो कसा आहे! नव्या दमाच्या लेखकाला जे सहसा साधत नाही ते बाबांना साधले होते. त्यांनी रचना सापडवली होती. विधवांची दैना निबंधात सांगायची तर आकडे आणि वचने लागतात. १८५२ साली स्त्रियांच्या विद्याभ्यासावर त्यांनी निबंध लिहिलेलाच होता. पण एका सुखी जोडप्याला प्रवासाला पाठवायचे, बाईच्या डोळ्यांनी ते दुःख पाहायचे आणि मग त्या पाहणाऱ्या बाईलाच त्या दुःखात ढकलायचे, ही कल्पना निबंधकाराची नाही, कथाकाराची आहे. राजे, राक्षस, अप्सरा यांच्याखेरीज गोष्ट होत नाही असे मानणाऱ्या काळात बाबांनी घरातली, बोळातली, नदीच्या घाटावरची बाई गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवली. त्यानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि ती पुन्हा अद्भुताकडे वळली. वाचकांनीही 'मुक्तामाले'चेच कौतुक अधिक केले. पुढची कितीतरी वर्षे मराठी कादंबरी राजवाड्यांतून आणि अरण्यांतून हिंडत राहिली.

आणि यमुनेचे दुसरे लग्न? पाट किंवा म्होतूर लावण्याची रीत अनेक जातींत पूर्वापार होती, तिथे हा प्रश्नच नव्हता. पण ज्या वर्गाची यमुना बाबांनी रंगवली, त्या वर्गात १८५७ साली विधवेचे उघड लग्न ही महाराष्ट्रात कोणी न पाहिलेली गोष्ट होती. विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहोत्तेजक मंडळी काढली १८६५ साली. मुंबईत गाजलेला तो पहिला पुनर्विवाह झाला १८६९ साली, आणि त्यावर शंकराचार्यांपर्यंत वाद गेले. म्हणजे बाबांनी बारा वर्षे आधी कागदावर जे लावून दिले ते त्यांच्या वाचकाला चंद्रावरच्या स्वारीइतकेच अशक्य वाटले असणार. आमचे सहकारी म्हणतात की विज्ञानकथा म्हणजे, हे असे झाले तर, या प्रश्नाचे उत्तर. या व्याख्येने 'यमुनापर्यटन' त्यांच्या फळीवर बसायला हरकत नाही.

गंमत अशी, की याच काळात बाबांच्या विरुद्ध पक्षातही असाच एक स्वप्नाळू माणूस होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. ती सभा म्हणजे गर्दीचा समुद्रच असे. त्याच विष्णुबुवांनी पुढे १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून सर्वांची शेती एक, कोठार एक, कोणी उपाशी नाही, अशा राज्याचे चित्र रेखाटले. एक ख्रिस्ती, एक वेदाभिमानी, दोघेही अजून न आलेल्या जगाची वर्णने करीत होते. त्या पिढीला उद्याचे जग डोळ्यांपुढे दिसत होते, फक्त रंग वेगवेगळे.

पुढचे चरित्र घटनांच्या दृष्टीने शांत आहे आणि कामाच्या दृष्टीने अफाट. बाबा पुण्याला फ्री चर्चच्या शाळेत शिक्षक झाले. जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा परिचय होता. १८६७ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 'सत्यदीपिका' हे मासिक त्यांनी चालवले. नंतर मुंबईत ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी आणि बायबल सोसायटी यांच्यासाठी लेखन-संपादन करीत राहिले. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांतली कित्येक नुसती प्रचाराची आहेत, आणि 'कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना' यासारखी तर शेजाऱ्याच्या देवघरात जोड्यासकट शिरणारी. ती मला आवडत नाहीत, आणि ती वाचून कोणाचे मन वळले असेल असेही वाटत नाही.

पण त्याच माणसाने १८६० साली 'शब्दरत्नावली' केली आणि १८६३ साली मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा आटोपशीर संक्षेप केला. मोल्सवर्थ परवडणारा विद्यार्थी त्या काळी विरळा. हा छोटा कोश शाळेच्या मुलाच्या आवाक्यातला होता आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघाल्या. कोश करणे हे हिशेब तपासण्यासारखे काम. कोणी शाबासकी देत नाही, चूक झाली तर मात्र लगेच दिसते. धर्माने दुरावलेल्या समाजाची भाषा हा माणूस शब्दाशब्दाने सांभाळीत बसला होता, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मोठे वाटते.

एक प्रश्न मात्र बाबांना विचारावासा वाटतो. भूगोलाच्या ज्या काठीने त्यांच्या गुरूंनी पुराणातला मेरू पाडला, ती काठी त्यांच्या स्वतःच्या ग्रंथालाही लागणार नव्हती काय? 'यमुनापर्यटना'नंतर दोनच वर्षांनी डार्विनचा ग्रंथ निघाला आणि सहा दिवसांत झालेल्या सृष्टीच्या कथेवर खुद्द इंग्लंडात वादळ उठले. भूगर्भशास्त्राने ते काम आधीच सुरू केले होते. शाळेतला तो लाकडी गोल कोणाही एका धर्माचा नोकर नव्हता. बाबांची श्रद्धा या वादळात ढळली नाही. मला वाटते याचे कारण असे, की ते ख्रिस्ताकडे गेले ते सृष्टी किती दिवसांत झाली हे जाणून घेण्यासाठी नव्हे. भूगोलाने त्यांची जुनी भिंत पाडली खरी, पण नवे घर भूगोलावर बांधलेले नव्हते. पाप, क्षमा, उघडपणे जगण्याची मोकळीक, दुबळ्यांविषयीची कळकळ, हे त्यांना तिथे सापडले. दुसऱ्या कुणाला तेच तुकारामात सापडेल. बाबांना ते मान्य झाले नसते, पण मला ते म्हणायला काय हरकत आहे?

१८८८ साली त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' प्रसिद्ध झाले. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील आत्मचरित्रांत त्याची गणना होते. दोन वर्षांनी मरे मिचेल यांनी ते इंग्रजीत आणले. इथे बाबांची लेखणी मोकळी झाली आहे. बेळगाव, मुंबई, शाळा, मित्र, परमहंसांच्या बैठका आणि मनातली ओढाताण हे सारे ते सांगतात, आणि घाई न करता सांगतात. एका रात्रीत साक्षात्कार झाला, असे ते म्हणत नाहीत. हळूहळू उजाडत गेले, असा त्यांचा सूर आहे आणि पुस्तकाचे नावही तेच सांगते. त्याच १८८८ साली पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक' सुरू केला. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले आणि ते दोन्ही देवघरांच्या बाहेर उभे राहिले. एका बाजूला 'अरुणोदय', दुसऱ्या बाजूला 'सुधारक', आणि दोघांच्याही पानांवर विधवेचे अश्रू. पुढच्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले.

बाबांच्या उतारवयात मराठी ख्रिस्ती साहित्याला एक वेगळेच वळण लागले. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेल्या बायबलपासून त्यांची वाट सुरू झाली होती. पण टिळकांनी अभंग सोडला नाही, टाळ सोडले नाहीत. बाबांनी जे मागे टाकले ते टिळकांनी बरोबर घेतले, म्हणून टिळक आपल्याला जवळचे वाटतात आणि बाबा परके. यात बाबांवर थोडा अन्याय आहे. पहिला माणूस उडी मारतो तेव्हा त्याला सामान घ्यायला वेळ नसतो.

१८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून येऊ लागली. मराठी कादंबरी पुन्हा बोळात, माजघरात, विधवेच्या खोलीत आली, आणि आता ती कलावंताच्या हाती होती. तिच्यातली बाई स्वतः बोलते. हरिभाऊंनी 'यमुनापर्यटन' वाचले होते की नाही, या चर्चेत मी शिरत नाही. पण त्यांच्याही नायिकेचे नाव यमुनाच आहे, घरात तिला यमू म्हणतात. या यमूचा नवरा मरतो, तिचे केशवपन होते आणि ती मरून जाते. तेहतीस वर्षांपूर्वी बाबांनी आपल्या यमुनेला वाचवले होते. ते करताना कथेच्या कलेला धक्का लागला असेल, पण पोरीला जगवायचेच, असे त्यांनी ठरवलेले होते. वास्तवाला धरून लिहिणाऱ्या हरिभाऊंना तसे करता आले नाही.

१९०० साली 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप येऊ लागले. मराठी वाचक पहिल्यांदाच तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघाला. बाबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यानंतर सहा वर्षांनी, २९ ऑगस्ट १९०६ रोजी, ते वारले. 'यमुनापर्यटना'ची प्रत मी आमच्या सहकाऱ्यांना वाचायला दिली आहे. त्यांनी ती नारळीकर आणि लुईस यांच्या मध्ये ठेवली आहे, आणि महिना झाला तरी अजून परत केलेली नाही.